उपाशी की तुडुंब? मर्लिन इंजिन, एक पितळी चकती आणि शिलिंगबाई

आजचा विषय अगदी गॅरेजमधला आहे. इंजिन अडखळतंय, झटके देतंय, मध्येच मान टाकतंय. त्याला पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय? गाडी ट्यून करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी छळतो, कारण दोन्ही आजारांत रुग्ण बाहेरून जवळजवळ सारखाच दिसतो. उपाशी माणसाला चक्कर येते, अजीर्ण झालेल्यालाही येते. औषध मात्र बरोबर उलटं. चुकीचं दिलंत तर रुग्ण आणखी खालावतो.

या प्रश्नाची मला माहीत असलेली सगळ्यात भारी केस गाडीची नाही, विमानाची आहे. साल १९४०, देश इंग्लंड, आणि इंजिन बंद पडलं तर माणूस जिवानिशी जाणार अशी परिस्थिती. पण ती केस सोडवणारी बाई मूळची मोटरसायकलवाली. स्वतःची बाइक स्वतः खोलणारी, ट्यून करणारी आणि ट्रॅकवर पळवणारी.

आधी थोडं बेसिक, म्हणजे पुढची गंमत नीट कळेल.

पेट्रोल हवेत मिसळून जळतं. वजनाने बघायचं तर १ किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून जास्त असेल तर मिश्रण लीन, पेट्रोल जास्त असेल तर रिच. घरच्या शेगडीची ज्योत निळी असते तोवर सगळं ठीक. ती पिवळी पडून पातेल्याचं बूड काळं करायला लागली की समजायचं, हवा कमी पडतेय, म्हणजेच मिश्रण रिच झालंय. इंजिनाकडून पूर्ण ताकद हवी असेल तर मिश्रण मुद्दाम थोडं रिच ठेवतात, साडेबारा-तेराच्या आसपास. पण दोन्ही बाजूंना हद्द आहे. फार लीन किंवा फार रिच झालं की ठिणगी पडूनही मिश्रण पेट घेत नाही. इंजिन दोन्हीकडे मरतं.

आता कार्बोरेटर. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी वर आलं की गोळा वर तरंगतो आणि नळ बंद करतो, पाणी उतरलं की गोळा खाली येतो आणि नळ उघडतो. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये हेच चालतं. त्या छोट्या टाकीच्या तळाशी जेट असतं, म्हणजे मोजून पाडलेलं बारीक भोक, आणि तिथून पेट्रोल इंजिनाकडे ओढलं जातं. गेली शंभराहून जास्त वर्षं ही युक्ती उत्तम चालत आलीये. फक्त तिच्यात एक गृहीतक दडलंय, की पेट्रोल नेहमी तळालाच असणार. खाली म्हणजे खालीच.

जमिनीवर ते बहुतेक वेळा खरं असतं. हवेत नसतं.

ब्रिटिशांच्या स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही लढाऊ विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. १२ सिलिंडर, २७ लिटर, हजारावर हॉर्सपॉवर आणि वर एसयू कंपनीचा फ्लोटवाला कार्बोरेटर. हीच एसयू पुढे मिनीसारख्या गाड्यांच्या कार्बोरेटरमुळे ट्यूनिंगवाल्यांना पाठ झाली. समोर जर्मनांचं मेसरश्मिट १०९ होतं. त्याच्या डाइमलर-बेन्झ इंजिनात डायरेक्ट फ्युएल इंजेक्शन होतं. पंप प्रत्येक सिलिंडरमध्ये मोजून पेट्रोल दाबायचा, त्यामुळे विमान सरळ आहे की उलटं याच्याशी त्या इंजिनाला काही देणंघेणं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, ब्रिटिश मूर्ख होते का? इंजेक्शन का नाही घेतलं? इथे मी रोल्स-रॉइसची थोडी बाजू घेईन. मर्लिनमध्ये कार्बोरेटर सुपरचार्जरच्या आधी बसवलेला होता. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेतं, माठातलं पाणी गार होतं तसं. त्यामुळे सुपरचार्जरकडे जाणारी हवा साधारण २५ अंश सेल्सियसने थंड व्हायची. थंड हवा घट्ट असते, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त हवा आणि जास्त ताकद. निर्णय विचार करून घेतलेला होता, आणि त्याचा खरा फायदाही होता. पण त्याची किंमत पायलटला विचित्र जागी मोजावी लागली.

पायलटने दांडा पुढे ढकलून विमानाचं नाक एकदम खाली घातलं की काय होतं? जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना, तेच, पण कितीतरी पट जोरात. माणूस सीटवरून उचलला जातो आणि पट्ट्यांनी अडतो. यालाच निगेटिव्ह जी म्हणतात. त्या क्षणी विमानातल्या सगळ्या सुट्या वस्तूंसाठी 'खाली' म्हणजे छप्पर. चेंबरमधलं पेट्रोलसुद्धा छताला जाऊन चिकटतं.

जेट तळाशी, पेट्रोल छताला. मर्लिन खोकायचं, ताकद जायची. मेसरश्मिटच्या पायलटांना हे माहीत झालं होतं. मागे स्पिटफायर लागलं की ते सरळ नाक खाली घालून सूर मारायचे. मागचा ब्रिटिश पायलट तसंच करायला गेला की त्याचं इंजिन अडखळणार. मग ब्रिटिशांनी उपाय काढला. आधी विमान अर्धं पलटी करायचं आणि दांडा मागे ओढून सूर मारायचा, म्हणजे पेट्रोल तळालाच दाबलेलं राहतं. चालायचं ते, पण तोवर समोरचा पुढे निघून गेलेला असायचा. मे १९४० मध्ये हाती लागलेलं एक मेसरश्मिट १०९ इंग्लंडमध्ये उडवून बघितलं, तेव्हा हा फरक रीतसर मोजला गेला.

आता तुम्ही डीबगिंग करताय असं समजा. लक्षण काय, तर नाक खाली घातलं की इंजिन बंद. कारण काय, तर जेटला पेट्रोल मिळत नाही. उपाय? पेट्रोल जास्त पोचवा! जेट मोठं करा, पंप मोठा लावा, दाब वाढवा. माझं मनही पहिल्यांदा तिकडेच धावलं होतं. तिथेच तर खरी मेख आहे.

कारण इथे एकामागोमाग एक असे दोन बग होते, आणि ते एकमेकांच्या उलट होते.

पहिला झटका लीन. जेट उघडं पडलं, इंजिनाला पेट्रोल मिळेना. पण हा प्रकार क्षणभराचाच असायचा. दुसरा झटका त्याच्या मागून यायचा. पेट्रोल छताला गेलं, म्हणजे त्या उलट्या जगात फ्लोट आता 'वर' तरंगणार, म्हणजे प्रत्यक्षात चेंबरच्या तळाकडे जाणार. बॉलकॉकचा गोळा खाली गेला की नळाला काय वाटतं? टाकी रिकामी आहे! सुई सताड उघडते. मागून पंप पूर्ण दाबाने पेट्रोल कोंबतोय, आणि त्या पंपाची क्षमता इंजिनाच्या गरजेपेक्षा खूप जास्त. चेंबर तुडुंब भरतो, पेट्रोल सुपरचार्जरमध्ये लोटतं, मिश्रण इतकं रिच होतं की पेटतच नाही. इंजिन बुडतं. पहिल्या झटक्यातून ते लगेच सावरायचं. हा दुसरा झटका लांबायचा, आणि पूर्ण बंद पाडणारा तोच होता.

म्हणजे पायलटला जाणवतेय उपासमार, आणि इंजिन मरतंय अजीर्णाने. जास्त पेट्रोल पोचवायचा कुठलाही उपाय आगीत तेलच ठरला असता.

इथे येतात बिआट्रिस शिलिंग. जन्म ८ मार्च १९०९, इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात. (हो, ८ मार्च. निव्वळ योगायोग, पण स्टेटसवाल्यांनी नोंद घ्यावी.) शाळा संपल्यावर त्यांनी एका स्त्री इंजिनिअरच्या हाताखाली वायरिंगची कामं केली. त्याच बाईंनी त्यांना विद्यापीठाचा रस्ता दाखवला. मँचेस्टरला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मग मेकॅनिकलमध्ये एमएस्सी. १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ५०० सीसीच्या नॉर्टन मोटरसायकलवर १०६ मैल वेगाने फेरी मारली, म्हणजे ताशी १७० किलोमीटर. १०० मैलांच्या वर फेरी मारणाऱ्याला तिथे गोल्ड स्टार मिळायचा, तो त्यांना मिळाला. १९३६ मध्ये त्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये, म्हणजे सरकारी विमान संशोधन संस्थेत लागल्या. सुरुवातीचं काम काय, तर इंजिनांची मॅन्युअल लिहिणं! आपल्याकडे कोणी डॉक्युमेंटेशनवर टाकलं की पोरं तोंड पाडतात. शिलिंगबाई तिथून कार्बोरेटरच्या कामापर्यंत पोचल्या.

त्यांचा उपाय बघा. पितळेचा एक छोटा तुकडा, आधी शिवणकामाच्या टोपणासारखा आणि नंतर सुटसुटीत होऊन सपाट वॉशरसारखा. मधोमध एक भोक. तो कार्बोरेटरच्या जरा आधी पेट्रोलच्या लाइनीत बसवायचा. भोक एवढंच की पंप पूर्ण दाबाने ढकलत असताना त्यातून जेमतेम तितकंच पेट्रोल जाईल जितकं इंजिन पूर्ण ताकदीवर पिऊ शकतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा निव्वळ रेट लिमिटर आहे. आत व्हॉल्व्हला काहीही भ्रम होवो, तो सताड उघडो, दर सेकंदाला येणारं पेट्रोल इंजिनाच्या पचनशक्तीच्या बाहेर जाऊच शकत नाही. म्हणजे पूर येत नाही आणि इंजिन बुडत नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण भोकाचा आकार ही फार नाजूक गोष्ट होती. थोडं मोठं झालं तर पूर थांबणार नाही. थोडं लहान झालं तर पूर्ण ताकदीवर वर चढताना इंजिन लीन होणार, आणि पूर्ण लोडवरचं लीन म्हणजे नॉकिंग आणि वितळलेला पिस्टन. म्हणून चकत्या दोन प्रकारच्या केल्या. सुपरचार्जर १२ पौंड बूस्ट देतो अशा इंजिनांसाठी एक आणि १५ पौंडवाल्यांसाठी दुसरी. बूस्ट वाढला की हवा वाढते, हवा वाढली की पेट्रोलची गरज वाढते. आज टर्बोचा दाब वाढवताना इंजेक्टरचा हिशोब करतात, तोच हा हिशोब, फक्त ड्रिल बिटने केलेला.

आणखी एक जमेची बाजू होती. विमान सेवेतून काढायला लागत नव्हतं, इंजिन उतरवायला लागत नव्हतं. शिलिंगबाई आणि त्यांची छोटी टीम विमानतळामागून विमानतळ फिरली, बाई स्वतःच्या नॉर्टनवर. मार्च १९४१ पर्यंत फायटर कमांडच्या सगळ्या विमानांत चकती बसली होती. अधिकृत नाव होतं रिस्ट्रिक्टर. वैमानिकांनी ठेवलं 'मिस शिलिंग्ज ऑरिफिस', म्हणजे मिस शिलिंगचं भोक. चावटपणा इंग्रजीत आहे तसाच मराठीतही उतरतो, तेव्हा हा भाग घरच्यांसोबत स्पीकरवर ऐकत असाल तर आवाज कमी करायला उशीर झालाय. शिवाय तेव्हा त्या 'मिस' नव्हत्याच. १९३८ मध्ये जॉर्ज नेलरशी त्यांचं लग्न झालं होतं. असं सांगतात, की नेलरसाहेबांनीही ब्रुकलँड्सचा गोल्ड स्टार मिळवल्याशिवाय लग्न करणार नाही अशी बाईंची अट होती.

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण रील्सवर उलटंच फिरतं. 'या बाईच्या वॉशरने बॅटल ऑफ ब्रिटन जिंकून दिली' असं कोणी सांगितलं तर तारखा बघा. ती लढाई १९४० च्या उन्हाळ्यात सुरू होऊन ऑक्टोबरअखेर संपली. चकत्या सगळीकडे बसल्या त्या मार्च १९४१ पर्यंत. ती लढाई पायलटांनी अडखळणाऱ्या इंजिनांवरच लढली. चकतीचं मोल त्यामुळे कमी होत नाही, कारण युद्ध पुढे आणखी चार वर्षं चाललं. आणि चकतीने दोन्ही बग सुटले असंही नाही. पहिला लीन झटका थोडाफार राहिलाच, आणि उलटं विमान बराच वेळ उडवणं अजूनही जमणारं नव्हतं. तो हॉटफिक्स होता. फ्लोटचं गृहीतकच काढून टाकणारा खरा उपाय १९४३ मध्ये आला, बेंडिक्स-स्ट्रॉम्बर्गचा प्रेशर कार्बोरेटर. हॉटफिक्सला नाकं मुरडणारे भरपूर असतात. मला विचाराल तर अर्धी समस्या म्हणजे नेमकी कुठली अर्धी सोडवायची, हे ओळखणं जास्त कठीण आहे. बाईंनी जीवघेणी अर्धी निवडली.

मग हे सगळं आजच्या गाडीला कसं लागू होतं? आज तर कार्बोरेटर गेले. आपल्याकडे बीएस-सिक्सनंतर बाइकमधूनही गेले. इंजेक्शन आहे, सेन्सर आहेत, लॅपटॉप आहे. मिश्रण काय आहे ते गेजवर आकड्यात दिसतं. उपाशी की तुडुंब हा प्रश्नच उरला नसेल ना?

उरलाय. उलट जास्त बेमालूम झालाय.

पुण्यातल्या माझ्या एका मित्राने जुन्या पेट्रोल हॅचबॅकला टर्बो बसवला. मोठे इंजेक्टर, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर, सगळं साग्रसंगीत. गाडी सुरू झाली, पण आयडलवर तिला आचके लागायचे. गेज दाखवत होतं १६ ते १७. म्हणजे लीन, बरोबर? मित्राने मॅपमध्ये पेट्रोल वाढवलं. गेज आणखी लीन! आणखी वाढवलं, तर आचके वाढले. शेजारच्या सीटवर लॉग बघत बसलेल्या मला तेव्हा मर्लिन आठवलं. प्लग काढून बघितले तर चारही काळेकुट्ट आणि पेट्रोलने ओले. इंजिन उपाशी नव्हतं, गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

मग गेज खोटं बोललं का? नाही. त्याने काय मोजलं ते आपण समजून घेतलं नाही. लॅम्ब्डा सेन्सर पेट्रोल मोजतच नाही, तो धुरातला ऑक्सिजन मोजतो. बॉशचा हा सेन्सर १९७६ मध्ये पहिल्यांदा व्होल्वोच्या कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांमध्ये आला. हेतू होता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी मिश्रण १४.७ च्या आसपास धरून ठेवणं. त्याचा तर्क सरळ आहे. धुरात ऑक्सिजन उरलाय म्हणजे हवा जास्त होती, म्हणजे मिश्रण लीन. पण या तर्कामागेही एक गृहीतक आहे, की मिश्रण पेटलं. मिश्रण इतकं रिच झालं की सिलिंडर पेटलाच नाही, तर आत गेलेली सगळी हवा, सगळ्या ऑक्सिजनसकट, जशीच्या तशी बाहेर येते. सेन्सरला दिसतो ढीगभर ऑक्सिजन, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो, लीन. फ्लोटला टाकी रिकामी वाटली होती, तसंच हे. ईसीयू जर सेन्सरचं ऐकून स्वतःहून पेट्रोल वाढवायच्या मोडमध्ये असेल तर तो आणखी पेट्रोल ओततो. मर्लिनचा पूर, पण कोडमध्ये.

एक्झॉस्टला सेन्सरच्या आधी गळती असली तरी हेच होतं. धुराच्या दोन ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज लीन दाखवतं.

मित्राच्या गाडीत आम्ही आधी सेन्सरचं नियंत्रण बंद केलं, नवे प्लग घातले आणि मॅपमधून पेट्रोल १० टक्के कमी केलं. फक्त तेवढंच, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. आचके कमी झाले. गेज लीन होण्याऐवजी रिचकडे सरकलं, कारण सिलिंडर आता पेटायला लागले होते आणि ऑक्सिजन वापरला जात होता. तिथून पुढे आकड्यावर विश्वास ठेवता आला. मूळ चूक साधी निघाली. मोठ्या इंजेक्टरची आकडेवारी ईसीयूमध्ये नीट भरलेलीच नव्हती.

आपल्याकडचे जुने मेकॅनिक प्लगचा रंग बघून बोलायचे. पांढरा पडला तर लीन, काजळी धरली तर रिच, बिस्किटासारखा असेल तर जा, बिनधास्त चालव. पोरं हसायची. पण प्लगवर उमटतं ते सिलिंडरच्या आत काय झालं त्याचं, आणि सेन्सर सांगतो बाहेर काय आलं त्याचं. दोघांच्या साक्षी जुळल्या नाहीत तर मी अजूनही आधी प्लगची ऐकतो.

आणि निगेटिव्ह जीवाला तो पहिला बग, लीनवाला? तोही आहे. ट्रॅकवर लांबच लांब वळण घेताना टाकी पाव भरलेली असेल तर पेट्रोल एका कडेला चढतं, पंपाचं तोंड उघडं पडतं, आणि नेमकं पूर्ण लोडवर इंजिन उपाशी राहतं. गेज बघून अख्खा मॅप रिच केलात तर सरळ रस्त्यावर गाडी उगाच धूर ओकेल आणि वळणावर उपाशीच राहील. तिथे लॉगमध्ये फ्युएल प्रेशर बघायचं. ते फक्त वळणातच पडत असेल तर मॅपला हात लावू नका. टाकीत आडवे पडदे टाका किंवा पंपाजवळ छोटी साठवण टाकी बसवा.

शिलिंगबाईंचं पुढे काय झालं, हे राहिलं. युद्धानंतरही त्या फार्नबरोलाच होत्या. ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्रापासून ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात इथपर्यंत कामं केली. मोटरसायकलवरून चारचाकीवर आल्या, आणि नवरा-बायकोने मिळून ऑस्टिन-हीलीची स्प्राइट ट्यून करून शर्यतीत उतरवली. १९६७ मध्ये अमेरिकन ड्रायव्हर डॅन गर्नीची फॉर्म्युला वनची ईगल गाडी तापत होती. तिचा इलाज शोधायला बाईंना बोलावणं आलं. तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, त्या निवृत्त झाल्या.

चला, भेटू पुढच्या भागात.